मोडीची तागडी आणि कलावंताची दृष्टी



कलावंत आणि व्यवहारी माणूस यांच्या दृष्टीत अंतर असते, असे आपण नेहमी म्हणतो. ते अंतर चित्रप्रदर्शनात जितके दिसते, त्याहून अधिक घरातल्या माळ्यावर दिसते.

पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि व्यवसाय होता चष्म्यांचा! १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. राजेरजवाड्यांची रत्ने नव्हेत; दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, वज्री असल्या घरगुती वस्तू. पत्नी कमलाबाई या कार्यात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

वज्रीचेच पाहा. टाच घासण्याची ही वस्तू. तळ खरखरीत असला की व्यवहार संपला. पण कारागिराने तिच्यावर पक्षी बसविले; काही वज्रींच्या पोकळ पोटात बारीक खडे घातले, घासताना मंद किणकिण व्हावी म्हणून. न्हाणीघरात कोणता पाहुणा येणार होता? ते सौंदर्य घरच्या गृहिणीसाठी होते. घडविणाऱ्याने आपले नाव मागे ठेवले नाही आणि कलावंत म्हणून मिरविलेही नाही. आपल्या परंपरेत कला जीवनापासून वेगळी नव्हती, याचा याहून निराळा पुरावा कशाला हवा?

मोडवाल्याच्या तागडीत मात्र वज्रीचे वजन तेवढे भरते. पितळ जाऊन स्टील आले, तेव्हा असंख्य घरांनी अशी भांडी मोडीत काढली. त्यांना अरसिक म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. चिंच लावून ती भांडी रोज घासण्याचे कष्ट ज्या मायभगिनींनी उपसले, त्यांना स्टील हलके वाटले तर नवल नाही. कौतुक करणारे पुरुष सहसा घासायला बसत नसत!

केळकरांनी व्यवहार नाकारला नाही. त्यांनी फक्त आणखी एक प्रश्न विचारला. वस्तू किती वजनाची, यापुढे जाऊन ती घडविणाऱ्याच्या मनात काय होते? याच दृष्टीमुळे कोथरूड येथील मोडकळीस आलेला मस्तानी महाल त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला. अल्पवयात निवर्तलेल्या पुत्राचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले आणि वीस हजारांच्या घरातील हा ठेवा शासनाच्या, म्हणजे समाजाच्या, स्वाधीन केला.

आज जुने वाडे पाडून सदनिका उभ्या राहत आहेत. कोरीव चौकटी जळाऊ लाकडाच्या भावाने जातात, आजीची समई नव्या घरात मावत नाही. शाखेतील तरुणांनी आपापल्या आळीत असे घर रिकामे होत असेल, तर मोडवाला येण्याआधी एकदा तेथे जावे. वस्तूचे छायाचित्र घ्यावे, घरातील वृद्धांना तिचे नाव आणि उपयोग विचारून लिहून ठेवावा. वाड्याबरोबर हे सांगणारी माणसेही पांगत आहेत.