सूर्यप्रकाशाचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषण)



ताडोबाचें अरण्य पाहून आलेल्या एखाद्या स्नेह्यास विचारा कीं, हरणें किती दिसलीं? तो म्हणेल, मोजलीं नाहींत. मग विचारा, वाघ किती दिसले? हा आंकडा मात्र त्यास पाठ असतो. आणि पुष्कळदां तो आंकडा शून्य असतो. वाघ एवढा बलवान, त्याच्यावर चाल करील असा दुसरा प्राणी रानांत विरळा. मग त्याचीच संख्या सर्वांत थोडी कां असावी? शिकाऱ्यांच्या बंदुकीनें वाघ कमी झाले हें खरेंच आहे. परंतु जेथें बंदूक कधीं वाजली नाहीं तेथेंही हरणें पुष्कळ आणि वाघ थोडे हाच क्रम आढळतो. याचें उत्तर बळाच्या हिशेबांत नाहीं, अन्नाच्या हिशेबांत आहे. तो हिशेब आंकड्यांनीं मांडून दाखविणाऱ्या एका तरुण शास्त्रज्ञाची व त्याच्या लहानशा तळ्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

आधीं एक साधी गोष्ट ध्यानांत घेऊं. स्वयंपाकघरांतील भांडें घासून पुन्हां चुलीवर चढवितां येतें. परंतु जळालेलें सरपण पुन्हां जळत नाहीं. सृष्टीच्या संसारांतही असाच भेद आहे. कर्ब, नत्र, स्फुरद हीं द्रव्यें भांड्यांसारखीं आहेत. हवेंतून व मातींतून पानांत, पानांतून प्राण्यांत आणि प्राण्याच्या मरणानंतर पुन्हां हवेंत व मातींत, अशीं तीं फिरत राहतात. शक्ति मात्र सरपणासारखी आहे. ती सूर्याकडून येते, हिरव्या पानांत सांठते, एका जिवाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि प्रत्येक मुक्कामीं तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपानें निघून जातो. गेलेली शक्ति परत येत नाहीं. सूर्यानेंच नवी पाठवावी लागते.

रेमंड लिंडमन यांचा जन्म १९१५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत झाला. तेथील विद्यापीठांत शिकत असतां त्यांनीं सीडर बॉग लेक नांवाचें एक उथळ, हळूहळू बुजत चाललेलें तळें अभ्यासासाठीं निवडलें. तेथें त्यांनीं पांच वर्षें काम केलें, आणि त्यांत त्यांच्या पत्नी एलेनॉर यांचीही त्यांना मोठी मदत झाली. पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति, त्या खाणारे बारीक जीव, चिखलांतील अळ्या, त्यांवर जगणारे मांसाहारी जीव, या सर्वांचे नमुने गोळा करून त्यांचीं मापें घेतलीं. कोण कोणास खातो याच्या याद्या पूर्वींच्या अभ्यासकांनींही केल्या होत्या. लिंडमन यांनीं पुढचा प्रश्न विचारला: एकाकडून दुसऱ्यास शक्ति किती पोंचते?

एक ग्रॅम पाण्याचें तपमान एका अंशानें वाढविण्यास जी उष्णता लागते तिला आपण एक लहान उष्मांक म्हणूं. या तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाकाठीं सुमारें १,१९,००० लहान उष्मांक इतकी शक्ति सूर्याकडून येत होती. त्यांपैकीं वनस्पतींच्या पदरीं पडले अवघे १११. म्हणजे हजारांत एकाहूनही कांहींसे कमी. वनस्पति खाणाऱ्यांकडे पोंचले १४.८, आणि त्या जिवांना खाणाऱ्यांकडे ३.१. लाखाच्या वर जमा, आणि तिसऱ्या पायरीवर हातीं आले तीन!

मधला खर्च कोठें झाला? वनस्पतींच्या १११ पैकीं सुमारें २३ त्यांच्या स्वतःच्या श्वसनांत, म्हणजे जगण्यांतच, खर्च झाले. सुमारें १५ प्राण्यांनीं खाल्ले. सुमारें तीन कुजण्यांत गेले. उरलेले सत्तर कोणाच्याच मुखीं लागले नाहींत. ही न खाल्लेली शिल्लक गाळ होऊन तळाशीं सांठत होती. तळें कां बुजत होतें याचा उलगडाही अशा रीतीनें त्याच जमाखर्चांत सांपडला.

हा निबंध 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे गेला, तेव्हां परीक्षकांनीं तो छापूं नये असें मत दिलें. एवढ्याशा पुराव्यावर एवढा सिद्धान्त उभारणें घाईचें, असा त्यांचा आक्षेप होता. आणि आंकडे स्थूल होते हें लिंडमन यांसही ठाऊक होतें. परंतु येल विद्यापीठांतील त्यांचे मार्गदर्शक हचिन्सन यांनीं आग्रह धरला, आणि संपादकांनीं अखेर निबंध स्वीकारला. तो १९४२ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. लिंडमन त्यापूर्वींच, जून महिन्यांत, यकृताच्या विकारानें वारले होते. त्यांचें वय तेव्हां सव्वीस होतें.

पुढें दुसऱ्यांनीं हीच वही इतरत्र उघडली. फ्लॉरिडा संस्थानांत सिल्व्हर स्प्रिंग्ज नांवाचे मोठे झरे आहेत. हॉवर्ड ओडम यांनीं १९५७ सालीं त्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. तेथें दर चौरस मीटरवर वनस्पतींनीं वर्षाला २०,८१० मोठे उष्मांक सांठविले. एक मोठा उष्मांक म्हणजे हजार लहान. वनस्पति खाणाऱ्यांकडे ३,३६८ गेले, मांसाहाऱ्यांकडे ३८३, आणि सर्वांत वरच्या शिकारी माशांकडे केवळ २१. याच मापानें सीडर बॉगच्या वनस्पतींचें उत्पन्न सुमारें १,११० भरतें. एवढें अंतर कां? फ्लॉरिडाचें पाणी बारमास कोमट व स्वच्छ असतें, आणि त्याचा प्रवाह क्षारांचा पुरवठा अखंड चालू ठेवतो. मिनेसोटाचें तळें हिवाळ्यांत गोठून जातें. सूर्य दोन्हीं ठिकाणीं एकच. त्याचें देणें पदरांत घेण्याची पात्रता मात्र पाणी, क्षार आणि ऋतु यांवर ठरते.

दर पायरीस सुमारें दहावा हिस्सा वर जातो असें पुस्तकांत सांगतात. तो अंदाज आहे, नियम नव्हे. सीडर बॉगमध्यें तो हिस्सा तेराव्या टक्क्यापासून बाविसाव्या टक्क्यापर्यंत गेलेला दिसतो. परंतु दिशा सर्वत्र एकच असते. त्यामुळें अन्नाच्या साखळीस चारपांचाहून अधिक कड्या सहसा नसतात. वाघांना खाऊन जगणारा प्राणी निपजला नाहीं. कारण त्याच्या वाट्यास कांहीं उरलेंच नसतें.

आतां आपण पुन्हां ताडोबास जाऊं. एका वाघास वर्षाकाठीं सुमारें पन्नास मोठीं जनावरें लागतात. कळप न घटतां त्यांतून वर्षास सुमारें दहावा भाग उचलतां येतो असें धरलें, तर एका वाघामागें पांचशें जनावरें हवींत. त्या पांचशांना चरावयास गवत व पाला हवा, आणि गवतास ऊन, पाऊस व मोकळी जमीन हवी. वाघाचें चित्र भिंतीवर लावून आपण त्याच्या रक्षणाची भाषा बोलतों. आणि आगगाडीच्या खिडकींतून गवताचें माळरान दिसलें कीं, 'ही जमीन पडीक दिसते' असें सहज म्हणून जातों. सरकारी दप्तरांतही अशा माळांची नोंद अनेकदां पडीक म्हणूनच होत आली आहे. लिंडमन यांच्या वहींत पाहिलें तर जमेची बाजू तेथेंच आहे. वाघ हा शेवटच्या ओळींतील खर्च आहे. जमा बुडाल्यावर त्या शेवटच्या ओळीचें रक्षण कोणत्याही पहारेकऱ्यास करतां येणार नाहीं.

पुढच्या वेळीं मुलांना घेऊन रान पाहावयास जाल, तेव्हां वाघ दिसला नाहीं तर विन्मुख होऊं नका. खालीं वांकून गवत पाहा. मुलांनीं विचारलें तर हा हिशेब त्यांना सांगा.