आप्पांच्या एकवीस पत्री

(गणेशोत्सवात गौरी आवाहनाच्या आदल्या सायंकाळी भिलाईत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. छत्तीस वर्षे रोलिंग मिलमध्ये काढली, तिथे जे काही बोलायचे ते ओरडून बोलावे लागते. तेव्हा आवाज चढला तर रागावलो असे समजू नका. आपल्या सेक्रेटरींनी विचारले, "काका, या वर्षी काय सांगणार?" मी म्हटले, वडिलांविषयी सांगतो. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे पत्रीवाले आजोबा!" आप्पांना जाऊन 2009 पासून इतकी वर्षे झाली, तरी त्यांची ओळख अजून तीच आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. सावता महाराजांच्या अरणपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे पंढरीचा विठोबा आहेच, पण शेतात जो सोबत असतो तो सावता माळी. 1295 साली त्यांनी समाधी घेतली. म्हणजे सातशे वर्षे उलटून गेली, पण आप्पा त्यांच्याविषयी असे बोलायचे की जणू शेजारच्या बांधावरचा भाऊबंद. "सावता कवा पंढरीला गेला न्हाई. त्यो मळ्यात खुरपत राहिला, देव सोता आला." आजही आषाढ वद्यात सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. इतर संतांच्या पालख्या देवाकडे जातात, इथे देव भक्ताकडे येतो. भाजीपाल्यात विठाई पाहणारा त्यांचा अभंग आपणा सर्वांना पाठ आहे. त्यांचे अभंग मोजकेच, चाळीससुद्धा भरत नाहीत. काशिबा गुरवांनी ते लिहून ठेवले म्हणून आपल्याला मिळाले. आप्पांचे मत असे की माळ्याला लिहायला वेळ कुठला, एवढे झाले हेच पुष्कळ.

आप्पांची जमीन तीन एकर आणि एक विहीर. रब्बीला ज्वारी, विहिरीच्या पाण्यावर थोडा भाजीपाला, बांधाला डाळिंबे. 1972 च्या दुष्काळात विहीर कोरडी पडली. आई आणि आप्पा दोघेही खडी फोडायला गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. कामावर मिळणारी सुकडी आई पदरात बांधून आणायची, ती चव अजून जिभेवर आहे. उजनीचे धरण 1980 साली झाले, पण पाणी आमच्या शिवारापर्यंत येण्याची वाट बघण्यात घर चालणार नव्हते. 1981 साली मी इथे आलो. आई गेल्यावर 1992 मध्ये आप्पांना घेऊन आलो. जमीन चुलतभावाला अर्धेलीने दिली.

पहिले दोन महिने आप्पा क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. आमची क्वार्टर कशी असते ते तुम्ही जाणता. मागे अंगण म्हणून जी जागा असते ती सगळी तांबडी मुरमाड, इथले लोक भाटा म्हणतात तसली. खुरपे मारले की ठिणगी उडेल अशी. एके दिवशी ड्यूटीवरून आलो तर आप्पा कमरेइतक्या खड्ड्यात उभे. मला वाटले, यांचे डोके फिरले. ते म्हणाले, "तळ्याचा गाळ कुठं मिळतो?" जवळच्या खेड्यातल्या एका राऊताशी त्यांनी ओळख काढली होती. आप्पांना हिंदी येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हते. पण बैल, शेण आणि पाऊस या विषयांना भाषा फारशी लागत नसावी. गाळ आला, शेणखत आले. त्या राऊताच्या घरून पोळ्याला, म्हणजे इथल्या पोरा सणाला, मातीचे नंदीबैल आणि ठेठरी-खुरमी आमच्याकडे येऊ लागली. ते येणे आप्पांच्या नंतरही थांबले नाही.

खड्ड्यात पहिले झाड लावले ते गावाहून डालड्याच्या डब्यात आणलेले डाळिंबाचे गुटी कलम, जात 'गणेश'. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत आळंदी जातीतून निवडलेली ही जात. आता आमच्याकडे सगळीकडे 'भगवा' झाला आहे, रंगाला लाल, बाजारात भाव. पण आप्पांना गणेशच आवडे, दाणा मऊ म्हणून. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी बघायची, इंचभर साल गोलाकार काढायची, ओले शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचे. महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसतात. आपल्या सेक्टरमध्ये आज जी जुनी डाळिंबे आहेत त्यातली निदान दहा-बारा त्या एका झाडाची लेकरे आहेत.

आता पत्रीकडे येतो. पहिल्या वर्षी गणपतीला मी बाजारातून पत्रीची जुडी आणली. आप्पांनी सोडून पाहिली. बेल, पेरूची पाने आणि कसलेसे शोभेचे गवत! ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचा शोध सुरू झाला. माका, बेल, दुर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुनसादडा, विष्णुक्रांत, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा, मधुमालती. अर्जुनाला इथे कौहा म्हणतात आणि तो हवा तेवढा आहे, हे त्यांना राऊताने दाखवले. आघाडा, रुई, धोतरा रस्त्याकडेला सापडले. केवडा त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला, हादगा कुंपणाला. शमी बियांपासून केली, तिला चार वर्षे लागली.

आणि दुर्वा! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना यातली गंमत कळेल. दुर्वा म्हणजे हरळी. हरळीने आप्पांचा जन्म खाल्ला होता. उन्हाळ्यात खोल नांगरून तिच्या काशा वेचायच्या, बांधावर वाळवून जाळायच्या, आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा हसत उभी. तोच माणूस फुटबॉलच्या मैदानातून हरळीचे मूळ खणून आणून वाफ्यात लावतो आहे आणि तिला पाणी घालतो आहे! मी हसलो. आप्पा म्हणाले, "तिकडं वैर हुतं. हितं ती माझ्याच गावची."

चतुर्थीच्या पहाटे चारला उठून ते एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या बांधायचे आणि पत्रीची पुडकी घरोघर द्यायचे. पैसे कधी घेतले नाहीत. शेजारच्या तेलुगू काकूंकडे पहिल्यांदा पुडके दिले तेव्हा कळले की विनायक चवितीला त्यांच्याकडेही एकवीस पत्रीच लागतात. मग ओट्यावर बसून दोघांच्या याद्या ताडून झाल्या. गरिका म्हणजे दुर्वा, जम्मी म्हणजे शमी, जिल्लेडु म्हणजे रुई. सोलापूरच्या बाजारात विणकरांशी बोलून आप्पांना चार शब्द तेलुगू येत, ते इथे उपयोगी पडले. काकूंच्या यादीत आंब्याचे पान होते, आपल्या यादीत नाही. आप्पांनी ठरवून टाकले की आंब्याला नाही म्हणणारा गणपती असूच शकत नाही. त्या वर्षीपासून आमच्या पुडक्यात बावीस पाने.

खरे तर एकवीसच, कारण देवदार नव्हता. तो हिमालयातला, आपल्या मे महिन्याच्या आचेत कसा जगणार? आमच्या खात्यातले एक गढवाली सहकारी रजेवरून येताना टिनच्या डब्यात देवदाराचे बोटभर रोप घेऊन आले. आप्पांनी त्याला ओल्या गोणपाटाची सावली केली, रात्री उठून पाणी शिंपडले. ते रोप मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. आप्पा दोन दिवस जेवणावर नव्हते. पुढे ते सहकारी दर रजेत एक वाळकी फांदी आणायचे आणि यादी पुरी व्हायची.

आप्पा देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. फार हेकट होते. कळ्या तोडणाऱ्या पोरांना त्यांनी जे शब्द वापरले ते इथे सांगता येणार नाहीत. त्यातली तीन पोरे आज कार्यकारिणीत आहेत. पाण्यावरून आमची रोज भांडणे व्हायची. नळाला पाणी तासभर आणि त्यातले अर्धे यांच्या वाफ्यांना. एकदा मी चिडून म्हणालो, "आप्पा, ही काय शेती आहे? सरकारी क्वार्टरची परसबाग आहे. उद्या सोडून जायची." ते म्हणाले, "मग गावची तरी कुठं संगं न्ह्यायची हुती?"

हे उत्तर मला पुढे फार जड गेले. ते का, हे आज सांगायचे ठरवून आलो आहे.

2003 साली माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी, वसतिगृह, सगळे मिळून माझ्या आवाक्याबाहेर होते. कर्जाचे एकदा बघून झाले होते. मी आठवडाभर घुटमळत होतो. आप्पांनीच विषय काढला. "जमीन इकून टाक. पर पोरीला सांगू नगंस, कशासाठी इकली त्ये." मी विचारले, का? म्हणाले, "शिकताना तिच्या डोस्क्यावर तीन एकराचं वझं कशाला?"

आम्ही दोघे आझाद हिंदने दौंडला उतरलो, तिथून कुर्डुवाडी. कागदावर सही झाली. मला वाटले होते, आप्पा रडतील. ते घेणाऱ्याला घेऊन शेतात गेले आणि दुपारभर त्याला जमीन समजावत बसले. विहिरीचा झरा पूर्वेच्या अंगाला आहे, गाळ काढताना तिकडे पहार लावू नको. कोपऱ्यातला तुकडा चोपण आहे, तिथे ज्वारी लावून बी वाया घालवू नको. बांधावरचा आंबा वर्षाआड धरतो, एक साल फळ नाही आले म्हणून तोडशील. व्यवहार झाल्यावर हे सांगायची काही गरज नव्हती. मी झाडाखाली उभा राहून ऐकत होतो आणि त्या माणसाच्या जागी मी असायला हवे होते, एवढेच डोक्यात चालले होते. मला यातले काहीही ठाऊक नव्हते.

परतताना अरणला सावतोबांच्या समाधीचे दर्शन घेतले. मग मोडनिंबच्या बाजारात आप्पा एका लोहाराच्या पालापाशी थांबले, चार खुरपी हाताळून त्यांनी एक विकत घेतले. जमीन विकली त्या दिवशी नवे खुरपे! सहा वर्षे ते वापरले. शेवटच्या पंधरा दिवसांतही उशाशी होते.

2017 मध्ये मी निवृत्त झालो, क्वार्टर सोडली. आता राहतो तिथे चार कुंड्या आहेत. जुन्या क्वार्टरमधली शमी नव्या रहिवाशांनी काटे लागतात म्हणून तोडली. त्यांना दोष देत नाही, कुणी सांगितले नव्हते. डाळिंब आहे.

माझी मुलगी बंगळूरहून गणपतीला आली आहे, तिकडे मागे बसली आहे. तिला हे आजवर ठाऊक नव्हते. आप्पांचा शब्द मी वीस वर्षांहून जास्त पाळला. बेटा, आता तुझे शिक्षण झाले, नोकरी झाली, तुलाही लेकरू झाले. आता ओझे होणार नाही असे वाटले, म्हणून सांगितले. घरी गेल्यावर भांडायचे असेल तर भांड.

उद्या गौरी यायच्या आहेत. आघाडा लागेल. तो मंडपामागे, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला भरपूर आला आहे, पण ओळखता यायला हवा. पानाखालून हात वर नेला की तुरा उलटा खरखरतो, तोच आघाडा. सकाळी सहाला मी तिथे असेन. ज्यांना हवा त्यांनी या, मुलांना घेऊन या. खुरपे मी आणतो.