डीमरपार्क : बागेखालची गोष्ट

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात डीमन येथे दिलेल्या भाषणाचा थोडासा नीटनेटका केलेला मजकूर)



मसाला दूध आटायला अजून अर्धा तास आहे असं स्वयंपाकघरातून कळलंय, म्हणजे मलाही तेवढाच वेळ आहे. समितीनं सांगितलं होतं, "इथल्या एखाद्या बागेवर बोल, थोडी माहिती दे, हलकंफुलकं असू दे." बहुतेकांना वाटलं असणार, आता हा फोंडेलपार्कवर बोलणार. फोंडेलपार्क छानच आहे. १८६५ साली तो लोकांसाठी उघडला, ४७ हेक्टरांचा आहे, आणि देशातून आलेल्या प्रत्येक आईवडिलांना आपण तिथे नेतोच. पवनचक्की, ट्युलिप, फोंडेलपार्क, परत शिफोल. पण आज आपण डीमनमध्ये बसलो आहोत आणि इथून उत्तरेला, कालव्याच्या पलीकडे, त्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणजे सुमारे ९० हेक्टरांचा डीमरपार्क पसरलेला आहे. नाव डीमनचं, पण सातबारा ॲमस्टरडॅम महापालिकेच्या नावावर! आपल्यातली आयबर्गला राहणारी मंडळी तिथे रोज पळायला जातात, मुलं फुटबॉल खेळतात. त्या गवताखाली काय आहे हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ते सांगायचं तर हलकंफुलकं कितपत जमेल, शंका आहे.

सुरुवात बांधापासून करू. पार्काच्या कडेनं जो वळणावळणाचा जुना बांध जातो, तो डीमरझेडाइक. 'झे' म्हणजे समुद्र, 'डाइक' म्हणजे बांध. तेराव्या शतकापासून इथे समुद्राला अडवणारा बांध आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते, तेव्हा इथले शेतकरी चिखलाचे ढीग रचून समुद्राशी भांडत होते. त्या समुद्राचं नाव झाउडरझे. बांध फुटायचा, शेतं बुडायची, लोक पुन्हा बांधायचे. बांध फुटलेल्या जागी खोल डोह पडायचा, तो बुजवणं कठीण, मग नवा बांध त्या डोहाला वळसा घालून बांधायचे. जुन्या बांधांना अशी वळणं असतात ती हौसेनं काढलेली नव्हेत, बरं का.

१७३० च्या दशकात एक वेगळंच संकट आलं. बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला लाकडी खांब आणि फळ्या असायच्या. ते लाकूड पोखरणारा एक समुद्री किडा देशभरच्या बांधांना लागला. कोकणातल्या होडीवाल्यांना हा प्राणी चांगला ठाऊक असतो. बाहेरून खांब धडधाकट दिसायचा, आतून पार जाळी झालेली. शेवटी लाकडाचा नाद सोडून बांधाला दगडाचा उतार द्यावा लागला. या देशात डोंगर नाहीत, त्यामुळे दगड बराचसा बाहेरून जहाजांनी आणला. सुरक्षिततेसाठी खर्च करायचा म्हटला की हे लोक घासाघीस करतात, पण शेवटी करतात.

मग १९३२ साली उत्तरेला ३२ किलोमीटरचा अफ्स्लाउटडाइक पूर्ण झाला आणि झाउडरझे समुद्र राहिलाच नाही. त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं. सातशे वर्षं राबलेल्या आपल्या बांधाची एका झटक्यात निवृत्ती झाली. १९५२ मध्ये ॲमस्टरडॅम-र्‍हाइन कालवा सुरू झाला. आता बांधाबाहेरची ही जमीन एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कालवा अशी कोपऱ्यात पडली. गावाबाहेर, कुणाची नजर जाणार नाही अशी. अशा जागेचं काय होतं हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगायला नको. तिथे कचरा टाकायला लागतात.

१९६० आणि ७० च्या दशकांत इथे घरगुती कचऱ्याबरोबर कारखान्यांचा रासायनिक कचराही टाकला जाई, आणि उघड्यावर जाळलाही जाई. जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार झाली आणि मातीत उतरली. शिस्तीच्या या देशात असं कसं झालं, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं आहे : तेव्हा त्याला कुणी गुन्हा समजतच नव्हतं. डोळे उघडले ते १९८० मध्ये. रॉटरडॅमजवळ लेकरकेर्क नावाच्या गावात नवी वसाहतच रासायनिक कचऱ्यावर उभी असल्याचं उघड झालं आणि शेकडो लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर देशभर जमिनी तपासायचं सत्र सुरू झालं, माती शुद्ध करण्याचा कायदा आला. त्या यादीत डीमरझेडाइकचं नाव अगदी वरच्या ओळींत होतं.

तरीही ही जागा बरीच वर्षं तशीच पडून राहिली. हलली ती आयबर्गमुळे. समोरच्या तळ्यात वाळू टाकून बेटं करायची आणि त्यांवर सुमारे १८,००० घरं बांधायची असा ॲमस्टरडॅमचा बेत होता. मार्च १९९७ मध्ये त्यावर सार्वमत झालं. मत देणाऱ्यांत विरोधकच जास्त निघाले, पण योजना रद्द करायला लागणारी संख्या भरली नाही, आणि काम पुढे गेलं. (आज तिथे घराचं कर्ज फेडणारे आपले तीन-चार सभासद गालातल्या गालात हसताहेत, मला दिसतंय.) हजारो कुटुंबं शेजारी राहायला येणार म्हटल्यावर या विषाचं काहीतरी करणं भागच होतं.

आता माझ्या आवडीचा भाग. मी संगणकवाला, पण कॉलेजात सिव्हिलची पोरं शेजारच्याच खोलीत असायची. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा : खणा, उचला, न्या. पण न्यायचं कुठे? इतकी विषारी माती हलवायची म्हणजे तिची धूळ वाऱ्यावर, ट्रक रस्त्यावर, आणि शेवटी ती दुसऱ्या कुणाच्या तरी गावाबाहेर. म्हणून इथे तीन शब्दांचा मार्ग निवडला : वेगळं करा, ताब्यात ठेवा, तपासत राहा. साधारण १९९८ ते २००१ या काळात दूषित जमिनीभोवती खोलवर उभी भिंत उतरवली. वरून जाड प्लास्टिकचं आवरण पसरलं, म्हणजे पावसाचं पाणी आत झिरपू नये. त्यावर स्वच्छ मातीचा थर, आणि त्या मातीवर पार्क.

पण खरी युक्ती याच्याही पुढे आहे. भिंतीच्या आतलं भूजल पंपानं उपसून बाहेरच्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवतात. पाणी उंचावरून खाली वाहतं, एवढंच शास्त्र. उद्या भिंतीला कुठे चीर गेलीच तर बाहेरचं स्वच्छ पाणी आत येईल, आतलं बाहेर जाणार नाही. उपसलेलं पाणी शुद्ध करावं लागतं. भोवतालच्या पाण्याचे नमुने तपासावे लागतात. आणि हे किती वर्षं? तर त्याला शेवटची तारीख नाही. आमच्या धंद्यात सिस्टिम एकदा लाइव्ह गेली की प्रोजेक्ट मॅनेजर पार्टी करून मोकळा होतो, पण रात्री तीनला फोन येतो तो सपोर्टवाल्याला. हा पार्क म्हणजे कायमचा सपोर्ट आहे.

यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आयबर्गला घर बघत होतो तेव्हा बायकोनं विचारलं, "पंप बंद पडला तर?" मी तिला समजावलं की पंप थांबला म्हणून विष लगेच बाहेर धावत नाही. भिंत आहेच, वरून पाऊस शिरत नाही, पातळी चढेल ती हळूहळू. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते कळलं. पण पंप बंद पडलाय हे बघायला पन्नास वर्षांनी कोण असेल?" यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही, कारण प्रश्न तांत्रिक नाही. घर आम्ही शेवटी इकडे डीमनमध्ये घेतलं. कारण पार्क नव्हे, किंमत. पण प्रश्न राहिलाच.

तो राहिला म्हणून मला आपल्या माहीमची आठवण होते. धारावीसमोर, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांचं. तीही एके काळी मुंबईची कचरा टाकायची जागा होती. १९८३ मध्ये सलीम अलींच्या हस्ते तिथे झाड लागलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरं आहेत, शाळांच्या सहली येतात. सायनहून वांद्र्याला जाताना बसमधून ती हिरवी रेघ दिसायची, पण ती कशावर उगवली आहे हे मला मुंबईत असताना कुणी सांगितलं नव्हतं. त्याच शहरात जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला तो कित्येक दिवस धुमसत राहिला. तेव्हा "तिकडे सगळं वाईट, इकडे सगळं चांगलं" हे आपलं परदेशातलं आवडतं पालुपद या बाबतीत तरी चालत नाही. माहीमला लोकांनी झाडं जगवली, आणि डीमनच्या बांधावर लोकांनी विष जाळलं होतं.

असो. आता पार्कात बघायचं काय, कारण पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची सहल तिथे न्यावी असा प्रस्ताव आहे.

जायचं सायकलनं, आणि जायचं नेस्सिओ पुलावरून. २००६ साली झालेला हा पूल फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी आहे. सुमारे ७८० मीटर लांब, कालव्यावरून कमानीसारखा वळत जाणारा झुलता पूल. वर पोचलात की एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला तळं. वारा समोरून असेल तर मात्र दृश्य बघायचं त्राण उरत नाही. नेस्सिओ हे एका डच लेखकाचं टोपणनाव, लॅटिनमध्ये अर्थ 'मला माहीत नाही'. खरं नाव यान हेंड्रिक फ्रेडरिक ग्रोनलो. साहेब दिवसा कचेरीत आणि फावल्या वेळात ॲमस्टरडॅमच्या आसपासच्या रानात भटकत. साहित्यामुळे धंद्यातल्या नावाला धक्का नको म्हणून टोपणनाव घेतलेलं. आणि कचेरी कुठली? हॉलंड-बॉम्बे ट्रेडिंग कंपनी! पुढे ते तिचे संचालकही झाले. ऑफिसात एक्सेल उघडं ठेवून मागे कविता लिहिणाऱ्या आपल्या सभासदांनी त्या पुलावर एकदा थांबून नमस्कार करायला हरकत नाही.

पार्कात फोंडेलपार्कसारखी कोरीव तळी किंवा गुलाबांचे ताटवे नाहीत. मोकळं गवताळ रान, लव्हाळी, पाणी, खेळाची मैदानं, तळ्याकाठी थोडी वाळू. बांधावरून पूर्वेला निघालात तर डीमरडॅमचा जुना किल्ला लागतो. शत्रू आला की शेतांत पाणी सोडून त्याला अडवायचं, अशी जी ॲमस्टरडॅमभोवतीची संरक्षणाची साखळी होती, तिचाच तो भाग. साखळी १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. रायगड-प्रतापगड पाहिलेल्यांनी उंचीची अपेक्षा ठेवू नये.

मुलांना सगळ्यात आवडेल तो इथला साप. मानेवर पिवळसर पट्टा असलेला, आपल्याकडच्या दिवडासारखा पाण्यात पोहणारा आणि तितकाच बिनविषारी. त्याला अंडी घालायला ऊब लागते, आणि या थंड देशात ती मिळते कुजणाऱ्या पालापाचोळ्यात. म्हणून पार्कात त्याच्यासाठी गवत, पाला, शेणखत यांचे ढीग मुद्दाम रचतात. ऊन निघालं की हे साप बांधाच्या दगडांवर पहुडलेले दिसतात. मुलांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा : ढिगाऱ्यांवर चढायचं नाही, आणि साप दिसला तर ओरडायचं नाही. आयांनीसुद्धा.

जेवण झाल्यावर प्रश्न घेतले, त्यातला एक इथे देतो. एका काकूंनी विचारलं, तिथे कोपऱ्यात चार मेथीचे वाफे करता येतील का. काकू, वरची माती स्वच्छ आहे, पण झाकणाखाली विष असलेल्या जागेत कुणी आपल्या मनानं कुदळ घालायची नसते. मेथी बाल्कनीतच लावा.