समोरचा वारा

ताशी पंधरा किलोमीटर वेगाने धावणाऱ्याच्या अंगावर, हवा अगदी पडलेली असली तरी, तेवढ्याच वेगाचा वारा येत असतो. त्यात समोरून तेवढाच वारा सुटला की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो! म्हणून पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतीत अशा टप्प्यावर घड्याळ बघूच नये. दम किती लागतोय त्या अंदाजाने धावावं, एखाद्या उंचापुऱ्या धावपटूच्या मागे राहावं. त्यात लबाडी काही नाही. परतीला वारा पाठीशी असतो, पण गेलेला वेळ तो पुरता भरून देत नाही.

वाऱ्याच्या जोडीला थंडी असली की स्नायू आखडतात. सुरुवातीआधी दहा-पंधरा मिनिटं हळू पळून अंग तापवा, वरचा स्वेटर अगदी शेवटी काढा. आणि शर्यत संपली की घामाने भिजलेला बनियन आधी बदला, फोटो नंतर!