लायसनची मुदत आणि डोळ्यांची मुदत
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज हप्त्यांचं बोलणार नाही. घरातल्या गाडीचं बोलायचं आहे.

माझे बाबा ५३ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांचं मोटारसायकलचं लायसन रिन्यू केलं. फॉर्म मीच मोबाईलवर भरला. त्यात एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का? बाबांना न विचारताच मी ‘हो’ करून टाकलं. दहा वर्षांचं लायसन आलं.

गेल्या पावसाळ्यात, तिन्हीसांजेला, वळणावर बसलेली गुरं त्यांना दिसलीच नाहीत. गाडी गटारात गेली. मागे आई होती, तिचा हात मोडला. डोळे तपासले तर दोन्हीकडे मोतीबिंदू! आई म्हणाली, “अगो, वर्षभर त्यांना रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास व्हायचा. मला ठाऊक होतं. पण लायसन आहे, म्हणून गप्प बसले.”

हेच मला सांगायचं आहे. लायसन म्हणजे डोळे बरे असल्याची दहा वर्षांची हमी नव्हे.

नियम थोडक्यात सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी गाडीचं लायसन तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये काढलं तर दहा वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. रिक्षा-टेम्पोचं पाच वर्षांचं. चाळिशीनंतर, आणि रिक्षा-टेम्पोसाठी कुठल्याही वयात, डॉक्टरचा दाखला लागतो. पण मधल्या वर्षांत कोणी विचारायला येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने आरटीओला कळवलंच पाहिजे, असं बंधन आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये नजर ठरलेल्या मापाच्या खाली गेली, तर चालकाने स्वतःच सरकारला कळवायचं असतं. आपल्याकडे शंका आली तर आरटीओ कलम १६ खाली नवा दाखला मागू शकतं, लायसन रद्दही करू शकतं. पण शंका येणार कुठून? घरातली गोष्ट आधी घरालाच कळते.

म्हणून घरीच बघा. पाच साड्या टोकाला टोक लावल्या की साधारण २५ मीटर होतात. तेवढ्यावर गाडी उभी करा आणि नंबर वाचायला सांगा. एकेक डोळा झाकून वाचायला लावा. स्कूटी चालवणाऱ्या तायांनो, तुम्हीपण! डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

“लायसन गेलं तर रोजी जाईल,” ही भीती मला कळते. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होतं. बाबांचं झालं. डॉक्टर ‘चालवा’ म्हणेपर्यंत त्यांनी गाडीला हात लावला नाही. आता चालवतात. आईचा हात मात्र अजून पुरता वर जात नाही.

पुढच्या सभेला टेप घेऊन येते. आपण सगळ्याजणी अंगणात नंबर वाचू. पहिली मी.