पणजोबांचं नाव डीएनए सांगेल का?

ज्यांच्याकडे रेंज येते-जाते आणि ऑडिओ अडकतो, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. मुलगा भामरागड तालुक्यातला, माडिया. नागपूरला शिकतो. नाव सांगत नाही. त्याचे आजोबा लहान असताना आईचं बोट धरून या गावात आले. ज्या घरानं आसरा दिला, त्याच घराचं आडनाव त्यांना लागलं. आजोबांचे वडील कोण, कुठल्या गावचे, हे घरात कुणालाच पक्कं माहीत नाही. त्यानं विचारलंय, "दादा, ती लाळ पाठवून डीएनए टेस्ट करतात ना, त्यातून पणजोबांचं नाव निघेल का? आणि तो रिपोर्ट व्हॅलिडिटीला चालेल का?"

आधी उत्तरं देतो, मग कारणं. एकट्या डीएनएतून नाव निघत नाही. व्हॅलिडिटीला तो रिपोर्ट कागदाची जागा घेत नाही. पण शोध मात्र घेता येतो, आणि त्याची सुरुवात गावातूनच होते.

आता थोडं विज्ञान. पुरुषांमध्ये वाय गुणसूत्र असतं. ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. म्हणजे या मुलाच्या पेशीत जो वाय आहे, तो त्याच्या वडिलांचा, आजोबांचा आणि त्या अज्ञात पणजोबांचाच आहे. आडनाव बदललं तरी वाय बदलत नाही. मुलींमध्ये वाय नसतो, म्हणून मुलीला हा शोध घ्यायचा असेल तर वडील, भाऊ किंवा काकांची टेस्ट करावी लागते.

बाकीचा डीएनए दर पिढीला अर्धा होतो. आजोबांकडून सरासरी २५ टक्के, पणजोबांकडून साडेबारा. समजा पणजोबांचा आधीच्या गावात दुसरा संसार होता. तिकडच्या नातवाशी या मुलाच्या वडिलांचा सरासरी सव्वासहा टक्के डीएनए जुळेल. स्वतः या मुलाचा तिकडच्या पणतूशी जुळेल फक्त दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून टेस्ट करायचीच असेल तर आपली नाही, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करायची. एक पिढी मागे गेलात की सिग्नल कितीतरी स्वच्छ होतो.

पण टक्के जुळायला समोर दुसरा माणूस लागतो. मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो: डीएनए ही क्वेरी आहे. टेबलमध्ये रेकॉर्डच नसेल, तर क्वेरी कितीही चांगली लिहा, उत्तर शून्य ओळी.

अमेरिकेत हे जमतं, कारण तिथे टेबल भरलेलं आहे. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. सुमारे १२.८ लाख लोकांच्या डेटाबेसमध्ये शोधलं, तर युरोपीय वंशाच्या माणसाला साधारण ६० टक्के वेळा तिसऱ्या फळीतला चुलत भाऊ किंवा त्याहून जवळचं कुणीतरी सापडत होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 'गोल्डन स्टेट किलर' पकडला गेला. पण तिथेही डीएनएनं त्याचं नाव सांगितलं नाही. डीएनएनं दूरचे नातेवाईक दाखवले. मग माणसांनी बसून जुन्या नोंदी चाळल्या, वंशवृक्ष काढले आणि एकेक फांदी तपासत जोसेफ डीअँजेलोपर्यंत पोचले. नाव कागदातूनच आलं.

त्या मोठ्या डेटाबेसमध्ये बहुतेक लोक अमेरिका-युरोपातले आहेत. भामरागडच्या जंगलातला, पणजोबांच्या घराण्यातला कुणी तिथे लाळ पाठवून बसला असेल, याची शक्यता किती, तुम्हीच ठरवा.

मग आपल्याकडे कुणी बापाकडची बाजू डीएनएतून शोधली आहे का? शोधली आहे, आणि तीही मराठी बोलणाऱ्या समाजाची. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली. रोहेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावं, घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. त्यांच्या घराघरात एकच आठवण: अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आम्ही त्यांचे वंशज. लेखी पुरावा नाही.

२०१६ मध्ये 'प्लॉस वन' नियतकालिकात १८ बेने इस्रायली लोकांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांचा आणि भारतातल्या लोकांचा, दोघांचाही मोठा वाटा आहे. हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला आणि स्थानिक वाटा बायकांकडून जास्त आला. म्हणजे बाहेरून समाज आल्याची आठवण खरी निघाली, पण सात जोडप्यांचा तपशील जसाच्या तसा बसला नाही. आणि त्या पुरुषांपैकी एकाचंही नाव अजून कुणाला माहीत नाही. डीएनएनं दिशा दिली, काळ दिला. नाव नाही दिलं.

आता परत भामरागडला येऊ. इथे दोन अडचणी आहेत. पहिली, समाज लहान आणि लग्नं आपसात, मामा-आत्याच्या मुलांशीही. त्यामुळे दोन अनोळखी माणसांचाही डीएनए बराच जुळतो, आणि रिपोर्ट लांबच्या नात्याला जवळचं नातं म्हणून दाखवतो. दुसरी अडचण वायची. माडियांमध्ये कुळ बापाकडून चालतं आणि एकाच देवातली माणसं आपसात लग्न करत नाहीत. म्हणजे एका कुळातल्या पुष्कळ पुरुषांचा वाय सारखाच असणार. त्यामुळे वाय जुळला तरी तो कुळापर्यंत नेईल, माणसापर्यंत नाही.

पण हीच गोष्ट उलटी करून बघा. कुळ आणि देव म्हणजे तोंडी जपलेलं वायच आहे! कोण कुठल्या देवाचं, कुणाची सोयरीक कुणाशी होते, हे गावातली म्हातारी माणसं कागद न बघता सांगतात. म्हणून पहिले प्रश्न लॅबला नाही, त्यांना विचारायचे. पणजी कुठल्या गावाहून आली? नदीच्या अलीकडून की पलीकडून? आजोबांच्या लग्नात कुठला देव धरला? आजोबांच्या आईला माहेरचं कुणी भेटायला यायचं का? मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायची आपल्याकडे रीत आहे, तर पणजीचा दगड कुठे आहे आणि तो कुणी उभा केला?

त्यानंतर कागद. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधीचं सगळं चंद्रपूर, आणि आणखी जुन्या कागदावर 'चांदा'. म्हणून गडचिरोलीत नाही म्हणाले की परत फिरू नका, चंद्रपूरलाही विचारा. जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, जमिनीचे जुने कागद, हे मागायचे. शाळेच्या दाखल-खारीजवर फार भरवसा ठेवू नका. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्पच मुळी १९७३ चा, आजोबांच्या लहानपणी शाळा कुठली? आणि नावाचं स्पेलिंग सोडून द्या. माडिया नाव मराठी किंवा हिंदी लिहिणाऱ्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय. तीन-चार रूपं धरून शोधा.

व्हॅलिडिटीबद्दल. जमात ठरवणारा कुठलाही जनुक नाही. जमात ठरते कायद्याच्या यादीतून, कागदातून आणि समाजातून. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून त्याआधीच्या नोंदीला सगळ्यात जास्त वजन. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की रीतिरिवाजांची चाचणी ही एकमेव कसोटी नाही, आणि संविधानापूर्वीच्या कागदांना मोठं महत्त्व आहे. तेव्हा किटचे हजारो रुपये वाचवा आणि त्यात चंद्रपूरच्या चार चकरा मारा.

मग डीएनए कधी कामाचा? दोन ठरावीक माणसं समोर असतील तेव्हा. विदर्भातल्याच एका जोडप्याच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या गृहीतकापेक्षा डीएनएचा अहवाल वरचढ मानला होता. तसं तुमच्या शोधात एखादं गाव, एखादं घर पक्कं झालं, तिथला एखादा म्हातारा राजी झाला, तर त्याची आणि तुमच्या वडिलांची वाय टेस्ट करा. 'नाही' आलं तर त्या घराची शक्यता बहुतेक संपली. 'हो' आलं तर निदान कुळ पक्कं झालं.

राजी झाला तर, हे महत्त्वाचं. लाळ एकाची असली तरी माहिती साऱ्या खानदानाची असते. २०२३ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीतून ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

आणि एक बाई लेकराला घेऊन जंगलातून दुसऱ्या गावी का आली असेल, याचाही विचार करा. तिनं नाव सांगितलं नसेल, तर त्यामागे तिचं काही कारण असेल. शोधा जरूर, पण सापडलेलं चावडीवर मांडायच्या आधी घरातल्या थोरांना विचारा. आणि ज्या घरानं आडनाव दिलं, त्यांचा मान कमी होईल असं काही बोलू नका. लेकरू त्यांनी वाढवलंय.

तर मित्रा, या सुट्टीत गावी जा. मोबाईलवर रेकॉर्डर चालू कर आणि आधी विचारून आजीला बोलू दे, माडियातच. मध्ये टोकू नकोस. कागद अजून दहा वर्षांनीही कपाटात असेल, लॅब तर आणखी स्वस्त होईल. आजीचं तसं नाही. तिची फाईल एकच आहे आणि तिचा बॅकअप अजून कुणी घेतलेला नाही.

तुमच्या घरातही असा प्रश्न असेल तर कळवा, नाव गुप्त ठेवू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!