संक्रांतीचे वाण आणि ग्लिसरिन
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "पाच मिनिटे काहीतरी उपयुक्त बोला" असे सांगितले, तेव्हा प्रथम आठवले ते यंदाच्या संक्रांतीचे माझे वाण.

दर वर्षी त्याच त्या डब्या लुटण्याचा कंटाळा आला म्हणून मी ग्लिसरिनच्या लहान बाटल्या दिल्या. सर्वांनी कौतुक केले. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "ताई, तुमचे वाण लावल्यापासून हात अधिकच ओढल्यासारखे होतात. टाचेच्या भेगांत तर आग आग झाली." कसे लावले म्हणून विचारले, तर बाटलीतून थेट, कोरड्या कातडीवर. चूक त्यांची नव्हती. तिळगूळ देताना मी गोड बोलायला सांगितले, पाणी घालायला सांगितलेच नाही!

ग्लिसरिन स्वतः ओलावा देत नाही. ते पाणी ओढून धरून ठेवते. पावसाळ्यात ते हवेतून मिळते. आपल्या नाशिकच्या कोरड्या थंडीत हवेत पाणी कुठले? मग ते कातडीच्याच खालच्या थरातले पाणी वर ओढते. म्हणून आता मी एक चमचा ग्लिसरिनला तीन चमचे पाणी घेते, धुतलेल्या ओल्या हातांना लावते आणि वरून खोबरेल तेलाचे बोट फिरवते, म्हणजे ओल उडून जात नाही. मिश्रण थोडेच करावे. पाणी घातले की ते फार टिकत नाही.

तसा हा पदार्थ साबणाचा सख्खा भाऊ. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण होताना ग्लिसरिन सुटते. मोठे कारखाने ते काढून वेगळे विकतात. १७७९ साली स्वीडनमधील शेले या औषधे बनवणाऱ्या गृहस्थांना ते प्रथम सापडले. गोड लागते म्हणून पुढे ग्रीक शब्दावरून नाव पडले.

परंतु डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषही असेच दाट, गोडसर, आणि स्वस्त. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये ते निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

हे वाचले आणि मी उरलेल्या बाटल्या कपाटातून काढून पाहिल्या. घाऊक बाजारात स्वस्त पडल्या म्हणून आणलेल्या. औषधी प्रतीची खूण म्हणजे 'आय. पी.' ही अक्षरे. ती नव्हती, बॅच क्रमांकही नव्हता. आणि तोंड आले की मुलांच्या जिभेला ग्लिसरिन लावायची तर आपल्या घरोघरी पद्धत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोणाकडे माझ्या वाणाची बाटली अजून असेल, तर कृपा करून परत आणून द्यावी. तोंडात तर मुळीच घालू नये. बदली बाटल्या औषधांच्या दुकानातून, खूण पाहून आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर, हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवल्या आहेत.